केळफुलाचा कोळसा

"हा काळा आहे, हाही काळा आहे आणि तोही काळाच आहे," हुपरीकर सर म्हणाले. "आता सांग शाल्मली, यातला केळफुलाचा पहिला कुठला?"

टेबलावर काचेच्या तीन छोट्या बाटल्या होत्या. एकीत केळफुलाचा पहिला कोळसा, एकीत नंतरचा, आणि एकीत तुलनेसाठी ठेवलेला प्लॅटिनम मिसळलेला कोळसा. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या सरांनी भिंतीकडे वळवून ठेवल्या होत्या. मी मधल्या बाटलीवर बोट ठेवलं.

"बरोबर. पण का बरोबर? मघाशी तूच त्या मांडल्यास म्हणून. मी मांडल्या असत्या तर?"

"तर सांगता आलं नसतं, सर."

"मलाही नसतं आलं," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. सर चष्मा पुसायला लागले की पुढचं वाक्य बरं नसणार, हे आमच्या प्रयोगशाळेत नव्या मुलांनाही माहीत असे.

ही पंधरा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी पीएच.डी. करत होते. विषय होता फ्युएल सेल. एका बाजूनं हायड्रोजन द्यायचा, दुसऱ्या बाजूनं हवा, मधून वीज घ्यायची, आणि उरतं ते फक्त पाणी. ऐकायला फार गोड वाटतं. घोडं अडतं ते हवेच्या बाजूला. हवेतला ऑक्सिजन महाआळशी. त्याचे दोन अणू एकमेकांना मिठी मारून बसलेले असतात आणि इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर कुणीतरी त्यांना सोडवल्याशिवाय काडीचं काम करत नाहीत. हे सोडवण्याचं काम प्लॅटिनमला उत्तम जमतं, पण प्लॅटिनमचे नखरे परवडणार कुणाला? म्हणून त्या काळात जगभरच्या आमच्यासारख्यांनी एकच ध्यास घेतला होता. धातूचा कणही न वापरता साध्या कोळशाकडून हे काम करून घ्यायचं.

त्या नादात आम्ही काय काय जाळलं होतं! भुईमुगाची टरफलं, सोयाबीन, शेवग्याच्या शेंगा. माझ्याबरोबर काम करणाऱ्या यास्मिन मुजावरनं तर सांगलीहून आईची मेंदी आणून भट्टीत घातली होती. "लग्नात लावायची ती इथं लावतेय," म्हणायची. यातलं काहीच धड चाललं नाही. चाललं ते माझं केळफूल.

माझं सासर अलिबागजवळच्या नागावचं. घरामागे नारळ-सुपारीची वाडी आणि विहिरीपाशी केळीचं मोठं बेट. माझ्या सासूबाई, म्हणजे माई, केळफुलाची भाजी अशी करायच्या की माणसानं पानावरून उठू नये. एका सुट्टीत ती भाजी खाता खाता माझ्या डोक्यात आलं, एवढं काळं पडणारं, चिकट, तुरट फूल भट्टीत घातलं तर? माईंना मी पुण्याहून एक चकचकीत स्टीलची सुरी आणि भलंमोठं स्टीलचं ताट नेऊन दिलं आणि बजावलं, "माई, बारीक चिरा, साध्या पाण्यात धुवा आणि या ताटात वाळवा. ताक नको, मीठ नको, दुसरं काही लागू देऊ नका." माईंनी मान डोलावली. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सून शास्त्रज्ञ म्हणून त्यांना माझा भारी अभिमान होता आणि, हे मला फार उशिरा कळलं, थोडी भीतीही होती.

वाळलेलं केळफूल माझा नवरा श्रीरंग पिशवीतून घेऊन आला. मी त्यात युरिया मिसळला, नायट्रोजनच्या झोतात भट्टीत भाजलं, आम्लानं खळखळून धुतलं. मग त्या काळ्या पुडीची शाई करून एक थेंब इलेक्ट्रोडच्या टिकलीवर वाळवला आणि ती टिकली ऑक्सिजन भरलेल्या द्रावणात गरगर फिरवली. संगणकाच्या पडद्यावर विजेची ओळ उमटत जाते. कोळसा मठ्ठ असेल तर ती रेंगाळत, कुरकुरत उतरते. चांगला असेल तर लवकर आणि धाडकन खाली येते. माझी ओळ आली ती जवळजवळ प्लॅटिनमच्या ओळीवरून. मी टिकली पुन्हा घासली, पुन्हा शाई लावली, पुन्हा तेच. खुर्चीतून उठून मी भट्टीभोवती एक प्रदक्षिणाच घातली.

सरांनी पेपर लिहिला, 'केळफुलापासून धातूविरहित कोळसा' अशा अर्थाचं शीर्षक दिलं आणि दोन परिषदांत छातीठोकपणे सांगूनही आले. मग परीक्षकाचं उत्तर आलं. काम स्तुत्य आहे, पण एकाच घाण्यावर, म्हणजे एकदाच भाजलेल्या कोळशावर, आमचा विश्वास बसत नाही, नवे घाणे काढून तेच आकडे दाखवा.

एवढंच ना, म्हणून मी मंडईतून केळफुलं आणली. ओळ रेंगाळली. मंडईचं फूल वेगळ्या जातीचं असेल म्हणून माईंना फोन केला. त्यांनी वाळवून पाठवलं, या वेळी पातळ पांढऱ्या फडक्यात बांधून, फिकट तपकिरी, एकसारख्या काचऱ्या. बघूनच कौतुक वाटावं असं काम होतं. त्यांचीही ओळ रेंगाळली. भट्टीचं तापमान बदललं, युरिया बदलला, पाणी बदललं. जे रेंगाळायचं ते रेंगाळतच राहिलं. माई दर दोन-चार दिवसांनी फोन करायच्या, "झालं का गो?" आणि मी म्हणायची, "होईल, माई." पावसाळा असाच गेला.

आणि आता सर चष्मा पुसत होते.

"पहिल्या घाण्याची ओळ तू काढलीस तेव्हा मी दिल्लीला होतो."

"हो, सर."

"यास्मिन?"

"ती गावी गेली होती."

"म्हणजे तू एकटीच होतीस. आणि प्लॅटिनमच्या कोळशाची बाटली याच फळीवर होती."

माझे कान तापले. "सर, त्या बाटलीत केळफुलाचाच कोळसा आहे. आजही चालतो. मी परवा तुमच्यासमोर चालवून दाखवला."

"तो चालतो याबद्दल वाद नाही. तो कशाचा आहे याबद्दल आहे. गडबडीत बाटली बदलली असेल. चमचा तोच वापरला गेला असेल. मी दुसरं काही म्हणत नाही."

दुसरं काही म्हणत नाही असं माणूस म्हणतो, तेव्हाच ते म्हणून झालेलं असतं. मी विचारलं, "तपासायला पाठवू या का?"

"ज्या यंत्रावर एवढुशा पुडीतला धातू नक्की कळेल ते बंगळूरला आहे आणि तिथली रांग दिवाळीपुढे गेलीय. परीक्षक थांबणार नाही. सोमवारी मी पेपर मागे घेतोय." ते उठले, आणि दारात थांबून म्हणाले, "या धंद्यात शाल्मली, आपल्याजवळ दुसरं असतं काय? आपण म्हणतो आणि लोक ऐकतात, एवढंच."

ते गेल्यावर यास्मिन माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. "प्लॅटिनमचं काही असेल का गं खरंच? समोरचा इलेक्ट्रोड कुठला होता तुझा? प्लॅटिनमच्या तारेचा असला तर तिच्यातलं थोडं टिकलीवर येऊन बसतं."

"ग्रॅफाइटचा. प्लॅटिनमची तार मी त्या महिन्यात हातातसुद्धा घेतली नव्हती."

"मग बाटली बदललेली नाही," ती म्हणाली. "तू साखरेचा डबाही जागा सोडून ठेवत नाहीस. पण मग पहिल्या वेळी काहीतरी झालं होतं, जे नंतर झालं नाही. जा ना नागावला. त्या केळीलाच विचार."

ती थट्टेनं म्हणाली, पण माझ्याजवळ तरी दुसरा कुठला उपाय होता? शुक्रवारी दुपारच्या एसटीनं मी निघाले.

शनिवारी सकाळी माईंनी माझ्यासमोर चहा ठेवला. स्वतःसाठी घेतला नाही. माई म्हणजे चहाचं वेड. उठल्यावर, अंघोळीनंतर, वाडीतून आल्यावर, कुणी आलं म्हणून, कुणी गेलं म्हणून.

"तुम्ही नाही घेत?"

"पित्त होतं हल्ली," त्या म्हणाल्या आणि भांडी आवरायला लागल्या. ओसरीवर पेपर वाचणारे अण्णा, माझे सासरे, काहीतरी बोलायला गेले. माईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा पेपरात शिरले.

मी माईंना सगळं सांगितलं. पेपर, परीक्षक, सोमवार. बाटलीबद्दल सर काय म्हणाले तेही सांगितलं. ते ऐकताना माईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"म्हणजे ते तुला खोटी म्हणतात?"

"सरळ नाही म्हणत."

"वाकडं म्हणतात, म्हणजे म्हणतातच ना गो!"

"म्हणून मला बघायचंय, माई, पहिल्या वेळी काय झालं. तेच बेट होतं का? विहिरीपाशीचंच?"

"तेच."

"चिरलंत सुरीनं, वाळवलंत ताटात? दोन्ही वेळा?"

"तू सांगितलंस तसंच," माई म्हणाल्या. "दोन्ही वेळा." आणि मघाशी घासलेली बशी पुन्हा घासायला घेतली.

मी अण्णांबरोबर वाडीत जाऊन दोन फुलं उतरवून आणली. एक माझ्यासाठी, एक जेवणातल्या भाजीसाठी. ओट्याशी उभी राहून मी माझं फूल त्याच स्टीलच्या सुरीनं चिरायला घेतलं. माईंनी सवयीनं विळी मांडली, हाताला तेल लावलं, पाट ओढला आणि भाजीचं फूल चिरायला बसल्या. माझ्या दोन काचऱ्या होईपर्यंत त्यांचं अर्धं फूल संपलं होतं. विळीच्या पात्यावरून काचऱ्या घसरून कढईतल्या ताकाच्या पाण्यात पडत होत्या. ती जुनी लोखंडी कढई माझ्या लग्नातल्या भज्यांच्या वेळी मी पहिल्यांदा पाहिली होती, जाड आणि जड.

मी सहज खाली पाहिलं. माईंच्या विळीचं पातं काळंकुट्ट झालं होतं. निळसर काळं, शाईसारखं. माझी सुरी मात्र फक्त चिकानं माखलेली होती.

"हे असं नेहमी होतं?" मी विचारलं.

"होतं की. केळफूल विळी काळी करतं आणि विळी केळफूल काळं करते. ताकाच्या पाण्यानं जरा वाचतं. नुसत्या पाण्यात ठेवलं असतं तर..." आणि माई थांबल्या.

पहिल्या पिशवीतल्या काचऱ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. काळ्या होत्या त्या. केळफूल काळं पडतंच, म्हणून मी दुसरा विचारच केला नव्हता. दुसऱ्या वेळच्या फिकट तपकिरी होत्या, आणि मी त्यांचं कौतुक केलं होतं.

मी सुरी ठेवली आणि खाली माईंच्या समोर बसले. "माई, नुसत्या पाण्यात ठेवलं असतं तर काय?"

खाली मान घालून त्यांनी एक काचरी उचलली, उगाच उलटीपालटी केली.

"मी रागावणार नाही."

"रागाव नाहीतर काही कर," माई म्हणाल्या. "मला त्या सुरीनं येत नाही गो चिरायला. कधी चिरलंच नाही उभ्यानं. पहिल्या वेळी दोन पाकळ्या चिरल्या आणि बोट कापून घेतलं. मग बसले विळीवर. चिरून झालं तर ढीग एवढा, तुझ्या ताटात मावेना. म्हटलं कढईत पाणी घालून ठेवू, जरा धुतलं जाईल. आणि तेवढ्यात यांना ताप भरला. त्या गडबडीत ते रात्रभर तसंच राहिलं. सकाळी बघते तर पाणी शाईगत काळं. कढईचा गंजसुद्धा त्यातच उतरलेला. टाकून द्यावं तर श्रीरंग संध्याकाळी पुण्याला निघणार. तसंच निथळलं, कढईतच उन्हात वाळवलं आणि दिलं बांधून. वाटलं, नासेल प्रयोग, सून म्हणेल, एवढं साधं काम जमलं नाही माईंना. तर तुझा फोन आला, की फार उत्तम झालंय! मग कशाला सांगू? म्हटलं, झाकली मूठ बरी आहे."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी अगदी तू म्हणालीस तसं केलं. सुरीनं, उभ्यानं. कंबरेचा काटा ढिला झाला. ताटात वाळवलं, वर मलमलचं फडकं टाकलं, एक माशी बसू दिली नाही. आणि तेच नेमकं बिघडलं! तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही माझा. मला वाटलं, पहिल्या वेळच्या घाणीमुळे तुझे पहिले आकडेच खोटे आले असतील. आणि आता ते सर तुला खोटी म्हणताहेत. खोटी मी गो, तू कशाला?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काळे हात त्यांना डोळ्यांना लावता येत नव्हते. मी माझ्या ओढणीनं त्यांचे डोळे पुसले. आणि मग मला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना.

"हसतेस काय?"

"माई, लोखंड!" मी म्हणाले. "तुमच्या विळीचं आणि कढईचं लोखंड आहे ते!"

केळफुलातला तुरटपणा लोखंडाला धरतो, त्याचीच ती शाई. भट्टीत युरियाच्या नायट्रोजननं त्या लोखंडाचा एकेक अणू कोळशात पकडून ठेवला होता, आणि आळशी ऑक्सिजनला उठवण्याचं काम तो पकडलेला अणूच करत होता. आम्ही त्याला धातूविरहित म्हणून मिरवत होतो. सर म्हणत होते त्या बाटलीत धातू असावा, ते खरंच होतं. फक्त तो प्लॅटिनमच्या बाटलीतून आला नव्हता, नागावच्या स्वयंपाकघरातून आला होता.

माई ओक्साबोक्शी रडायच्या बेतात होत्या, त्या एकदम थांबल्या. "म्हणजे नासलं नाही?"

"झालंच त्यामुळे."

"गंजामुळे?"

"गंजामुळे."

त्यांनी कढईकडे असं पाहिलं, जणू घरातल्या एखाद्या उनाड पोरानं परीक्षेत पहिला नंबर काढला होता. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मग ही तू पुण्याला घेऊनच जा. थांब, चिंच लावून लख्ख घासून देते."

"घासू नका!" "घासू नको!" मी आणि अण्णा एकदमच ओरडलो. अण्णा केव्हा ओसरीवरून दाराशी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक.

सोमवारी सकाळी सर यायच्या आधी मी तिन्ही बाटल्यांतली चिमूट चिमूट पूड तीन वाट्यांत घेऊन पार राख होईपर्यंत जाळली होती. सर आले, खिडकीपाशी ठेवलेली गंजकी कढई आणि विळी त्यांनी पाहिली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. बाटलीत धातू आहे."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना मी चुकीची ठरायला नको होतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि फार बरं वाटलं.

"प्लॅटिनम?"

"बघा तुम्हीच."

तिन्ही राखा आम्लात विरघळवून मी तीन परीक्षानळ्यांत घेतल्या आणि प्रत्येकीत थायोसायनेटचे थेंब सोडले. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा प्रयोग आहे हा. लोखंड असेल तर लाल, नसेल तर काही नाही. पहिली नळी जशी होती तशी राहिली. तिसरी राहिली. मधली डाळिंबाच्या रसासारखी लाल झाली.

यातला केळफुलाचा पहिला घाणा कुठला, ते आता शिपायालासुद्धा सांगता आलं असतं.

सर खुर्चीत बसले. मी त्यांना विळी, कढई, ताप, संध्याकाळी निघणारा श्रीरंग, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला. मी धास्तावले.

"आम्लानं धुतलं होतंस ना तू?"

"हो, सर. सुटं होतं ते धुऊन गेलं. जे नायट्रोजननं धरून ठेवलं तेवढंच उरलं."

"आणि मी दोन परिषदांत सांगून आलो, धातूविरहित! छाती पुढे काढून!" ते म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हुपरीकर सरांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. यास्मिननं तर घाबरून पाणी आणलं.

पाणी पिऊन ते गंभीर झाले. मधली बाटली उचलून त्यांनी तिची चिठ्ठी पुढे वळवली आणि फळीवर ठेवली. "त्या दिवशी मी तुला विचारलं..."

"विचारायलाच हवं होतं, सर."

"विचारायला हवं होतं. पण तसं नव्हतं विचारायला हवं," ते म्हणाले. "पेपर आज मागे घेतोच. मथळाच खोटा आहे त्याचा. पण दुसरा लिहू, खरा. आधी घाणा काढा. कढईत घालून, तुझ्या सासूबाईंनी केला तसाच. आणि त्या दोन्ही परिषदांच्या लोकांना मी स्वतः कळवतो."

यास्मिन पाट नव्हता म्हणून जुन्या वर्तमानपत्रांवर मांडी घालून बसली आणि तिनं विळीवर केळफूल चिरलं. तिला विळी माझ्यापेक्षा बरी येत होती. कढई रात्रभर भिजली, सकाळी पाणी शाईगत काळं झालं, आणि संस्थेच्या गच्चीवर वाळत घातलेल्या केळफुलाला बघायला शेजारच्या प्रयोगशाळेतली मंडळी येऊन गेली. पुढच्या आठवड्यात कोळसा तयार झाला. मी टिकली मखमली कापडावर आठाचा आकडा गिरवत घासली, शाईचा थेंब सोडला, वाळू दिला. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. यास्मिन ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होती, दुवा मागत असावी.

ओळ सुरू झाली. सपाट गेली, गेली, आणि धाडकन खाली आली.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा आली. दुसऱ्या टिकलीवर आली. त्यापुढच्या आठवड्यात नव्या घाण्याची आली, त्यानंतरच्याचीही आली. शेवटची ओळ मी नाही, सरांनी स्वतः काढली, आणि काढून झाल्यावर म्हणाले, "आता ज्याला शंका असेल त्यानं मला विचारावं."

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि नागावला फोन लावला.

"माई, झालं."

"नक्की?"

"नक्की. सरांच्या हातानंसुद्धा झालं."

"ते तुला आता खोटी नाही ना म्हणत?"

"नाही, माई."

"वाकडंसुद्धा नाही?"

"वाकडंसुद्धा नाही. आणि आता पेपरात तुमच्या कढईचं लिहायचंय. तुमचं नावही घालू का, आभारात?"

"छे गो! लोक म्हणतील, सुनेला फसवलंन," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "थांब हं जरा." आणि फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग शेगडी पेटवल्याचा, भांड्याचा, पाण्याचा. मला वाटलं, दूध उतू जात असेल. थोड्या वेळानं अण्णांनी फोन उचलला.

"आहेस का गं? जरा थांबावं लागेल. चहा करतेय ती."

"आत्ता? आणि पित्त?"

"कसलं डोंबलाचं पित्त!" अण्णा आवाज खाली आणून म्हणाले. "तुझा दुसरा घाणा बिघडला ना, तेव्हापासून सोडला होतान चहा. गणपतीला बोलली होती, माझ्यामुळे पोरीचं बिघडलंय, ते होईस्तोवर घेणार नाही. मला शपथ घातली होतीन, तुला सांगायचं नाही म्हणून."

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. सगळा पावसाळाभर मी इथं भट्टीपुढे एकटी झुरत होते असं मला वाटत होतं. एकटीचं नाव जाणार, एकटीचं काम बुडणार. आणि तिकडे रोज सकाळी, अंघोळीनंतर, वाडीतून आल्यावर, कुणी आलं म्हणून आणि कुणी गेलं म्हणून, एक बाई माझ्यासाठी चहाला नाही म्हणत होती आणि वर फोन करून विचारत होती, झालं का गो?

फोनवर कपबशी वाजली. भुरका मारल्याचा आवाज आला.

"माई?"

"अगो, सवयच गेली बघ," माई म्हणाल्या. "साखर जास्त पडली."

"दुसरा करा मग."

"करते," त्या म्हणाल्या. "हा संपू दे."